खरं सांगणारा खडा

परत येऊन आता तीन महिने झाले. जाताना मी शिरूर आणि दौंड तालुक्यांतल्या शाळांतून प्रयोग दाखवत पाच दिवस हिंडायचं म्हणून निघाले होते, आणि आल्यावर त्याचं हसतखेळत वर्णन मासिकाला लिहून द्यायचं कबूलही केलं होतं. मासवडी, भीमेचं पात्र, मुलांचे प्रश्न वगैरे. त्यातलं थोडंफार यात येईल. पण माझं डोकं अजून शांत झालेलं नाही, आणि ते झाल्याचं सोंग आणून मला लिहिता येणार नाही.

मी पुण्यातल्या एका कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवते. गेली चार वर्षं माझं काम द्रवस्फटिकांवर चाललं आहे. हा पदार्थ द्रवासारखा वाहतो, पण आतून स्फटिकासारखा शिस्तीत बसलेला असतो. माझ्याकडचा प्रकार कोलेस्टेरॉलपासून बनवतात. त्याचे रेणू थराथरांत आडवे पडलेले असतात आणि प्रत्येक थर खालच्या थरापेक्षा किंचित वळलेला असतो, गोल जिन्याच्या पायऱ्यांसारखा. जिन्याचा एक फेरा पूर्ण व्हायला किती उंची लागते, त्यावर तो कोणत्या रंगाचा उजेड परत पाठवणार हे ठरतं. ऊब लागली की फेरा आवळतो, तांबड्याचं हिरवं आणि हिरव्याचं निळं होतं. गार पडला की रंग उलटे जातात आणि शेवटी दिसेनासे होतात. यात रंगाची पूड कुठेही नसते. मागे काळा कागद ठेवला की सगळं स्पष्ट दिसतं, आणि रंग गेला की मागचा काळा तेवढा उरतो.

एवढं एक ध्यानात राहिलं तर पुढचं समजायला काही अवघड नाही. त्या गावातल्या मोठ्या माणसांनाही ते अवघड नव्हतं. म्हणूनच राग येतो.

कोरेगाव भीमा

आणीबाणी उठल्यानंतरचा पहिला हिवाळा होता. सकाळच्या एस.टी.नं निघाले. मांडीवर पत्र्याची पेटी, तिच्यात सूक्ष्मदर्शक, काचपट्ट्या, काळे कागद, आणि स्वेटरमध्ये गुंडाळलेली द्रवस्फटिकांची बाटली. एकटी बाई पेटी घेऊन कुठं निघाली, हे कंडक्टरनं दोनदा विचारलं. दुसऱ्यांदा मी उत्तर दिलं नाही.

कोरेगावला भीमेचा पूल ओलांडून गाडी थांबली तेव्हा कळलं की पेटीतली ग्लिसरीनची बाटली फुटून शेजारच्या बाईंच्या पेरूंच्या पाटीत गळते आहे. मी ओशाळून रुमाल काढला.

"त्याल हाय व्हय?" त्यांनी विचारलं.

"नाही, ग्लिसरीन आहे."

"ओठाला लावत्यात ते? मग ऱ्हाऊ द्या. चकाकी येती पेरूला." आणि त्यांनी त्यातलाच एक पेरू पुसून माझ्या हातावर ठेवला. पाच दिवसांत मला इतकी सरळ माणसं पुन्हा फार भेटली नाहीत.

शिरूर

शिरूरला ढवळे सरांकडे मुक्काम होता. ते तिथल्या शाळेत विज्ञान शिकवतात. त्यांच्या घरी रात्री मासवडी केली होती. मी रत्नागिरीकडची. नाव ऐकून मला भूक लागली आणि ताटात बेसनाच्या वड्या आल्यावर मी त्या उलटून पाहिल्या. वहिनींना हसू आवरेना. तीळ-खोबऱ्याचं सारण, लालभडक रस्सा आणि बाजरीची भाकरी. तिसऱ्या वडीला मी मासा विसरले, हे माझ्या आईला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी शाळेत प्रयोग झाला. थंडीनं बाटलीतला पदार्थ पांढरा, घट्ट होऊन बसला होता. तो पंधरा मिनिटं काखेत धरून बसावं लागलं, तेवढा वेळ मुली एकमेकींना कोपरं मारत होत्या. मग औषधाच्या दुकानातून आणलेल्या नव्या ग्लिसरीनमध्ये तो ढवळला. त्याचे बारीक बारीक थेंब झाले, काचपट्टीवर घेतले, आणि वरून टॉर्चचा उजेड सोडला.

ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांना कसं सांगू? काळ्याभोर अंधारात शेकडो गोल थेंब, आणि प्रत्येक थेंबावर एकच लखलखीत तांबडा ठिपका. संबंध थेंब तांबडा होत नाही. थेंबात थर कांद्यासारखे एकात एक बसलेले असतात. त्यांची जी जागा उजेड नेमका आपल्या डोळ्याकडे फिरवते तेवढीच पेटते. आणि दोन थेंब शेजारी आले की त्यांच्या समोरासमोरच्या कडांवर आणखी एक नाजूक ठिपका उमटतो, हिरवट निळा. एकावर पडलेला उजेड तिरका दुसऱ्यावर जातो आणि तिथून परततो. तिरका गेला म्हणून त्याचा रंग निळ्याकडे सरकतो.

"म्हंजी थेंब एकमेकाला उजेड देत्यात," एक मुलगी डोळा न काढता म्हणाली. शिरूरच्या मुलांना कांदा समजावून सांगावा लागत नाही, त्यामुळे निम्मं काम आपोआप झालं होतं.

नंतर मी दुसरी गंमत दाखवली. हेच थेंब जिलेटिनच्या बारीक कवचांत कोंडून काळ्या कागदावर लावलेली पट्टी. बोट ठेवलं की बोटाखाली तांबडं, हिरवं, निळं उमटत जातं. मुलं रांग लावून बोटं उमटवत होती. ढवळे सर मागं उभे राहून हसले.

"बाई, हे तुम्ही परवा जिथं जाणार आहात तिथल्या अध्यक्षांना दाखवू नका. त्यांचा खडा फुकट जायचा."

मी विचारलं, कसला खडा. तर त्या गावची शाळा चालवणाऱ्या संस्थेचे अध्यक्ष, सगळे ज्यांना आप्पा म्हणतात, त्यांचा पुतण्या बोटीवर नोकरीला होता. त्यानं अमेरिकेतून अंगठी आणली होती. बोटात घातली की माणूस खरा असेल तर खडा निळा होतो, खोटा असेल तर काळा. आप्पांनी शाळेतली एक चोरीसुद्धा त्या खड्यानं पकडली होती.

"कुणाची?"

"शाळेत पाणी भरणारी एक बाई आहे. होती. ट्रान्झिस्टर गेला हेडसरांच्या खोलीतला." सर अजून हसतच होते. माझा चेहरा पाहून थांबले. "मी आपलं ऐकलेलं सांगतो."

अशा अंगठ्या तिकडे खेळण्यासारख्या विकतात. काचेच्या खड्याखाली माझ्याच पट्टीतला पदार्थ, माझीच कवचं. ज्या गोष्टीवर मी चार वर्षं डोळे फोडले तिच्यावर कुणीतरी एका बाईला चोर ठरवलं होतं, आणि विज्ञानाचा एक शिक्षक ते मला गंमत म्हणून सांगत होता. मी त्या दिवशी अर्ध्या जेवणावरून उठले. वहिनींना वाटलं रस्सा तिखट झाला.

खुटबाव आणि पलीकडे

शिरूरहून न्हावरे, चौफुला करत खुटबावला उतरले. तिथे एका शेतावर हुरडा खाल्ला. गोवऱ्यांच्या आरात भाजलेली कणसं हातावर चोळून, फुंकर मारून पुढ्यात टाकत होते, सोबत लसणाची चटणी. कोकणात आम्ही असं अर्धकच्चं धान्य खात नाही. चव दुधासारखी गोड. पण माझं लक्ष नव्हतं.

पुढच्या गावाचं नाव मी मुद्दाम लिहीत नाही. ते तुम्हाला नकाशात शोधावं लागू नये, असं तुमच्या गावातही घडलं असेल.

शाळेत पोचल्याबरोबर मी पाणी मागितलं. हेडसर, नाकासमोर चालणारा साठीकडे झुकलेला माणूस, गोंधळले. पाण्याचा हौद कोरडा होता.

"पोरं सध्या घरून आणत्यात," ते म्हणाले. "बाई येत न्हाई ना."

"येत नाही की येऊ देत नाही?"

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "मी लेखी काही दिलेलं नाही. आप्पा म्हणाले, येऊ नको म्हणावं. मी तसं तिला म्हणालो."

प्रयोग दुपारी तीनचा होता. मी विचारत विचारत बौद्धवाड्यात गेले. इंदूबाई दारात तांदूळ निवडत होत्या. तिशीच्या, उंच, बोलताना समोरच्याच्या डोळ्यात पाहणाऱ्या. मागं भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर आणि तिच्याखाली खिळ्याला अडकवलेली जुनी वर्तमानपत्रं. त्यांनी जय भीम केला, मी केला, आणि त्यांनी आतून तांब्या आणून दिला. मी पाणी पीत असताना त्या माझ्याकडे नीट पाहत होत्या.

"सातवी पास हाय मी," त्यांनी सांगायला सुरुवात केली. "गेल्या साली अर्ज केला, लागले. वरच्या आळीला ते पयल्यापासनंच खुपत हुतं. आमच्या हातचं पाणी त्यांच्या लेकरांनी प्यायचं. तोंडानं कुणी बोललं न्हाई. मग त्यो रेडिओ गेला."

त्या दिवशी सकाळी आप्पांनी पाच जणांना ऑफिसात बोलावलं. हेडसर, दोन मास्तर, शिपाई आणि या. बाकीचे चहा पिऊन, कप हातात धरून बसलेले होते. इंदूबाईंना हौदावरून बोलावलं. पहाटेपासून त्या आडाचं पाणी शेंदून हौदात ओतत होत्या.

"चौघांचा निळा झाला. माझ्या बोटात खडा घातला त्यो तसाच. काळा. आप्पा म्हनले, बघा. आन् सगळ्यांनी बघितलं."

"तुमचे हात गार होते," मी म्हणाले. "एवढंच. तो खडा फक्त ऊब ओळखतो. दुसरं काही त्याला कळत नाही."

"तुमाला कुणी सांगितलं?"

"मी तोच पदार्थ बनवते."

त्यांनी सूप खाली ठेवलं. "तुमी बनिवता?"

त्यात आरोप नव्हता. पण मला तो लागला. मी म्हटलं, तीन वाजता शाळेत या, सगळ्या गावासमोर दाखवते.

"यीन," त्या म्हणाल्या. "मागं उभी ऱ्हाईन."

शाळेच्या मैदानात अर्धं गाव जमलं होतं. आप्पा पहिल्या रांगेत खुर्चीवर. पांढरंशुभ्र धोतर, फेटा, गोड बोलणं. त्यांनी माझं नारळ देऊन स्वागत केलं आणि पुण्याहून एवढ्या लांब एकट्या आलात म्हणून कौतुकही केलं. मी थेंब दाखवले, पट्टी दाखवली, जिना आणि कांदा समजावून सांगितला. मग मी म्हणाले, "आप्पा, तुमची अंगठी द्याल?"

त्यांनी खुशीत दिली. खडा निळाशार होता. मी शाळेच्या शिपायाला आडाच्या गार पाण्याची बादली आणायला सांगितली.

"आप्पा, आता उजवा हात दोन मिनिटं यात ठेवा."

"कशापायी?"

"विज्ञानाचा प्रयोग आहे. पोरं बघतायत."

पोरं बघत होती म्हणून त्यांना नाही म्हणता आलं नाही. दोन मिनिटांनी मी त्यांच्या ओल्या बोटात अंगठी घातली आणि हात वर धरला. निळ्याचा हिरवा, हिरव्याचा तपकिरी, आणि मग काळा. पुढच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं मान पुढे काढून पाहिलं आणि "आरं" एवढंच म्हणाला. कुणीतरी हसलं आणि लगेच गप्प झालं.

मला तिथं थांबायला हवं होतं. पण माझा राग चढलेला होता आणि मला पूर्ण जिंकायचं होतं. मी आप्पांच्या बोटातली अंगठी काढून घेतली आणि मागं उभ्या असलेल्या इंदूबाईंकडे हात केला.

"इंदूबाई, पुढे या. आज ऊन आहे, तुमचे हात उबदार आहेत. सगळ्यांना दिसू दे तुमच्या बोटात खडा कसा निळा होतो ते."

सगळी डोकी वळली. इंदूबाई पुढे आल्या, पण माझ्यापर्यंत नाही. मधेच थांबल्या.

"न्हाई, बाई," त्या म्हणाल्या. "हात न्हाई द्यायची मी."

"अहो, निळा होईल. खात्रीनं होईल."

"व्हईल. मग उद्या म्हनतील, त्या दिशी काळा झाला हुता ते बी खरंच. तुमीच म्हनता ना त्यो फकस्त ऊब ओळखतो? मग माझा हात परत कशाला मागता?"

मी अंगठी धरून उभी. मी अर्धा तास घसा ताणून जे सांगितलं होतं ते त्या एकट्या बाईला पुरतं कळलं होतं, आणि ते सांगणारी मीच विसरले होते. सगळ्या गावासमोर मी तिला दुसऱ्यांदा खड्यापुढे उभं केलं होतं.

आप्पांनी संधी सोडली नाही. "बघा," ते हसत म्हणाले, "भीती असल्याबिगर का माणूस मागं सरतंय?"

इंदूबाई त्यांच्याकडे वळल्या. "आप्पा, मी मागं सरले न्हाई. मी कामावरनं काढल्याचं कागदावर मागते. चोरी केली आसंल तर तसं लिवा. खड्यानं सांगितलं आसं बी लिवा. खाली सही करा."

आप्पांचं हसू गेलं. ते उठून निघाले आणि त्यांच्यामागून वरच्या आळीची माणसं. हेडसर तिथंच खाली बघत बसून राहिले. मी काचपट्ट्या न पुसताच पेटीत कोंबल्या, आणि ते आप्पांवरच्या रागानं की माझ्यावरच्या, हे मला आजही नीट सांगता येणार नाही.

दौंड

सकाळी खुटबाव स्टेशनावर इंदूबाई माझ्याआधी येऊन उभ्या होत्या. त्यांना दौंडला, शाळांचं काम बघणाऱ्या कचेरीत जायचं होतं. अर्ज त्यांनी स्वतः लिहिला होता. मी कालच्याबद्दल माफी मागितली.

"तुमाला लई राग आला हुता," त्या म्हणाल्या. "मला बी येतो. पर मला त्यो जपून वापरावा लागतो."

दौंड हे रेल्वेचं गाव. गाडीतून उतरलं की कोळशाच्या धुराचा वास, इंजिनांचे सुस्कारे, आणि हिंदी, तेलुगू, मराठी, इंग्रजी अशा चार भाषांत एकाच वेळी चाललेली भांडणं. फलाटावर आम्ही ऑम्लेट-पाव खाल्ला. बाजूच्या बाकावर कोण बसलं आहे, कुणाच्या हातचं आहे, हे तिथं कुणी विचारत नव्हतं. इंदूबाई म्हणाल्या, त्यांना म्हणून दौंड बरं वाटतं.

कचेरीतल्या कारकुनानं अर्ज वाचला आणि नोंदवहीत विषय लिहिला. इंदूबाईंनी वही आपल्याकडे फिरवली.

"हितं 'चोरीबाबत' लिवलंय."

"मग काय लिहू? विषय तोच आहे."

"न्हाई. विषय 'तोंडी हुकमानं कामावरनं काढल्याबाबत' आसा हाय. अर्जावर वर लिवलाय मी."

कारकून कुरकुरला, पण त्यानं ओळ खोडून नवी लिहिली. मग आम्हाला साहेबांकडे पाठवलं. साहेबांनी सगळी हकीकत ऐकली, दोनदा मान हलवली, हे फार गैर आहे असंही म्हणाले. आणि मग पेटीकडे बोट दाखवून हळूच हसले.

"ती पट्टी आहे का बरोबर? बघू तरी माझ्या हाताला कोणता रंग येतो."

हात त्यांनी टेबलावर पालथा ठेवलासुद्धा होता. मी पेटी मांडीवर घट्ट धरून ठेवली आणि म्हणाले, "साहेब, आधी अर्जावर शेरा मारा." माझा आवाज इतका चढला होता की दारातला शिपाई आत डोकावला. साहेबांनी हात काढून घेतला आणि शेरा मारला. खुलासा मागवावा, एवढाच. इंदूबाईंनी पोच घेतली, ती घडी करून बटव्यात ठेवली आणि आम्ही बाहेर आलो. त्या दिवशीचा दौंडच्या शाळेतला माझा प्रयोग बरा झाला असं सगळे म्हणाले. मला त्यातलं काही आठवत नाही.

पुणे

गेल्या आठवड्यात इंदूबाईंचं पत्र आलं. खुलासा द्यायची वेळ आली तेव्हा हेडसरांनी लिहून दिलं की काढल्याचा लेखी हुकूम नाही आणि चोरीचा पुरावाही नाही. इंदूबाई कामावर रुजू झाल्या. ट्रान्झिस्टर कुणी नेला ते अजून कळलेलं नाही. वरच्या आळीतली निम्मी मुलं अजून घरून पाणी आणतात. बाकीची निम्मी हौदाचं पितात.

आप्पांनी खडा फेकून दिला असेल अशी माझी समजूत होती. तसं झालेलं नाही. पत्रात लिहिलं आहे की आता ते आधी माणसाचा हात हातात घेऊन बघतात. जो खरा ठरायला हवा त्याला शेकोटीपाशी बसवतात, चहा देतात, आणि मग अंगठी घालतात. जो नको असेल त्याला गार पाण्यानं हातपाय धुऊन ये म्हणतात. त्या सगळ्या गावात माझा प्रयोग कुणी नीट शिकलं असेल तर आप्पा. पट्टी, बादली, दोन मिनिटं, सगळं. हे वाचल्यापासून मला प्रयोगशाळेत जाऊन त्या बाटलीकडे बघवत नाही, आणि तरी मी रोज जाते, कारण दोष बाटलीचा नाही.

मी इंदूबाईंना उत्तर लिहिलं. त्यात पुन्हा माफी मागितली आणि विचारलं, तुम्हाला परत कधी बोलावलं का खड्यापुढे. त्यांचं कार्ड काल आलं.

"एकदा बोलावले होते. शेतातले पाइप गेले म्हणून. मी गेले. हात पदराखाली धरून उभी राहिले. आप्पांना म्हणाले, काय विचारायचे ते माझ्या तोंडाला विचारा, उत्तर देते. त्यांनी काही विचारले नाही. मग मी पाणी भरायला गेले."